मुलांच्या डोक्याला मार : रक्तचाचणीवरून सीटी स्कॅन ठरवताना या चुका टाळा

डोक्याला मार लागलेल्या मुलाचा अनावश्यक सीटी स्कॅन टळावा, या हेतूने मेंदूला इजा झाल्यावर रक्तात वाढणारी काही प्रथिने मोजण्याच्या चाचण्या पुढे आल्या. कारण वाढत्या वयातील पेशींना किरणोत्सर्ग अधिक बाधतो आणि तान्ह्या मुलाला स्थिर ठेवण्यासाठी कधी गुंगीचे औषधही द्यावे लागते. मात्र मुलाचे वय आणि मार लागल्याची वेळ बाजूला ठेवून अहवालातील आकडा वाचला, तर तो दिशाभूल करतो.

मोठ्यांसाठी ठरलेली मर्यादा मुलाला लावणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. जीएफएपी आणि यूसीएच-एल१ या प्रथिनांच्या चाचणीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिलेली परवानगी १८ वर्षे व त्यापुढील व्यक्तींपुरती, आणि मार लागल्यापासून १२ तासांच्या आत घेतलेल्या रक्तापुरती होती. एस१००बी या प्रथिनाचे प्रमाण निरोगी बाळातही प्रौढापेक्षा जास्त असते, त्यामुळे ०.१० मायक्रोग्रॅम प्रतिलिटर ही प्रौढांची रेषा दोन वर्षांखालील मुलाला लावली, तर इजा नसतानाही अहवाल वाढलेला दिसतो. शिवाय हे प्रथिन चरबी व कूर्चा यांतूनही येते, म्हणजे हात मोडलेल्या मुलाचा वाढलेला आकडा मेंदूविषयी फारसे काही सांगत नाही.

वेळेची नोंद न करणे ही दिसायला किरकोळ चूक. एस१००बी रक्तातून झपाट्याने उतरते, तर जीएफएपी हळूहळू चढून सुमारे २० तासांनी शिखर गाठते. त्यामुळे रक्त घेतल्याची वेळ ठाऊक नसेल, तर ‘सामान्य’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

आता चाचणी कोणाची करावी, हा प्रश्न. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२ हजारांहून अधिक मुलांच्या निरीक्षणावर बेतलेल्या ‘पेकार्न’ या, लक्षणांवरून स्कॅनची गरज ठरवणाऱ्या नियमानुसार ज्यांचा धोका अत्यल्प ठरतो, त्यांच्यात गंभीर इजेची शक्यता १०,००० मध्ये ५ हूनही कमी असते. अशा मुलाचे रक्त तपासल्यास हाती बहुधा खोटा इशाराच येतो, आणि जो स्कॅन कधीच झाला नसता तो होतो. (चाचणीने स्कॅन वाढावेत, यासारखा विरोधाभास नाही.) उलट शुद्ध हरपत चाललेल्या किंवा कवटीच्या तळाच्या अस्थिभंगाची चिन्हे असलेल्या मुलाला अहवालासाठी थांबवू नये, त्याचा स्कॅन तातडीनेच करावा. चाचणीला जागा मिळालीच, तर ती या दोहोंमधल्या मुलांत, जिथे काही तास निरीक्षण की स्कॅन असा पेच असतो.

वाढलेला आकडा म्हणजे रक्तस्राव नव्हे. ही चाचणी मुख्यतः इजा नाकारण्यासाठी आहे. पण सामान्य आकड्याने मेंदूला बसलेला हादरा नाकारता येत नाही. आकडा सामान्य आलेले मूल नंतर वारंवार उलट्या करू लागले किंवा झोपेतून उठेनासे झाले, तर आधीचा अहवाल बाजूला ठेवून त्याला पुन्हा तपासावे. आणि सांगितलेली हकीकत इजेशी जुळत नसेल, तर मार लागल्याची वेळही विश्वासार्ह नसते. तिथे या चाचणीचा आधार घेऊच नये.