घराला खेटून असलेला जुना माड उतरवायचा असेल तर

म्हातारा झाला म्हणून माड पडतोच असं काही नाही. आपला उंच बाणवली माड 60-80 वर्षं आरामात काढतो, वाऱ्यात झुलतो नि परत सरळ होतो, त्यामुळे शेजारी म्हणतात म्हणून कोयता काढू नका, आधी माड नीट बघा. शेंड्याकडे खोड एकदम बारीक होत गेलंय का, झावळ्या कमी झाल्यात का (चांगल्या माडाला तीसेक तरी असतात), बुंध्याला तांबूस चिकट पाणी गळतंय का. कोयत्याच्या पाठीने बुंध्यापासून हात पोचेल तिथपर्यंत ठोकत जा, भरीव खोड टणक वाजतं, पोकळ जागा आली की आवाज लगेच बदलतो. खोडाला भोकं पडून त्यातून चोथा येत असेल, आंबूस वास मारत असेल तर आत सोंड्या भुंगा आहे, आणि असा माड छपराजवळ असेल तर पावसाळ्याची वाट बघत बसू नका. 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडे चांगले धडधाकट माड आडवे झाले, पोकळ माडाचं काय घेऊन बसलात.

मुळं घराच्या पायात शिरतील या भीतीने काढत असाल तर मात्र थांबा. माडाला वडासारखं जाड होत जाणारं मूळच नसतं, बोटाएवढी हजारो मुळं असतात नि ती तेवढीच राहतात.

परवानगीचं थोडक्यात. महाराष्ट्रात महानगरपालिका, नगरपरिषदेच्या हद्दीत 1975 चा झाडांचा कायदा लागू आहे, म्हणजे माड तुमचा, जमीन तुमची, तरी वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करायचा, सोबत फोटो जोडायचे. गावात असाल तर ग्रामपंचायतीत आणि वनखात्याच्या ऑफिसात आधी विचारून घ्या. गोव्यात 2016 साली माडाला झाडांच्या यादीतूनच काढलं होतं, त्यावरून एवढा गदारोळ झाला की पुढे तो परत यादीत आला नि राज्यवृक्षही झाला, त्यामुळे तिकडे परवानगीशिवाय हात लावू नका. वायर जवळून जात असेल तर महावितरणला कळवून त्या दिवशी लाईन बंद करून घ्या, "वायर लांब आहे, काय होत नाय" असं सांगणारा माणूस कामाला घेऊच नका.

आता मुख्य काम. मोकळी जागा माडाच्या उंचीपेक्षा जास्त नसेल तर माड अख्खा पाडायचा नाही, वरून तुकड्यातुकड्याने उतरवायचा. एवढ्या मोठ्या ओल्या खोडाचं वजन सहज टनाच्या आसपास जातं, घराच्या कोपऱ्यावर टेकलं तर कौलं, वासे, भिंत सगळंच गेलं. गल्लीत हायड्रा (चाकांवरची छोटी क्रेन) येत असेल तर सरळ हायड्रा बोलवा, वरून धरून ठेवतो नि कापलेला तुकडा हळू खाली आणतो, पैसे जातात पण झोप लागते. हायड्रा येत नसेल तर अनुभवी पाडेली (माडावर चढून काम करणारा) बघा, त्याला सेफ्टी बेल्ट द्या, नको म्हणाला तरी द्या. आधी नारळाच्या पेंडी दोराने सोडायच्या, मग सुक्या झावळ्या, मग हिरव्या, शेवटी शेंडा. शेंडा सुटतो तेव्हा वरचं ओझं अचानक जातं नि खोड जोरात हेलकावे खातं, पाडेल्याने त्या क्षणी खोडाला मिठी मारून गप्प राहायचं, लगेच पुढचा कट घ्यायचा नाही. त्यानंतर दोन-अडीच हातांचे तुकडे, खाली झावळ्यांचा जाड थर टाकून ठेवा म्हणजे अंगणातली लादी फुटत नाही. शेंडा कुजलेला किंवा भुंग्याने खाल्लेला असेल तर माणूस वर चढवूच नका, तिथे हायड्राशिवाय पर्याय नाही. शेंड्यातला गाभा चांगला निघाला तर टाकू नका, कोवळा नि गोड लागतो.

जागा असेल नि अख्खाच पाडायचा असेल तर दोर जितका वर बांधता येईल तितका वर, आणि लांबी माडापेक्षा जास्त, ओढणारे बाजूला उभे, पडायच्या रेषेत कोणी नाही. पडायच्या बाजूला पाचरीसारखा कट घ्यायचा, साधारण तिसरा हिस्सा, मग मागून थोडा वर. माडाचं खोड तंतूंचं असतं, कधी फाटेल सांगता येत नाही, म्हणून भरवसा दोरावर ठेवायचा. खोडाची बाहेरची बाजू एवढी कडक असते की कटर मशीनची चेन बोथट होते, जास्तीची चेन हाताशी असू द्या. आणि काम सकाळी करा, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो.

मजुरी उक्ती ठरवताना तुकडे उचलून न्यायचं त्यात आहे का ते आधीच बोलून घ्या, भांडणं तिथेच होतात. कारण खोड परसात कुजत ठेवायचं नाही, कुजक्या खोडात गेंड्या भुंगा अंडी घालतो आणि मग तुमचेच नाहीत, शेजाऱ्यांचे पण माड खातो. खालचं जुनं, काळं खोड टणक असतं, त्याचे वासे, पन्हळी नाहीतर ओढ्यावर साकव होतो, बाकीचं फाडून उन्हात सुकवा नि जाळा.

बुंध्यावर ओतायला औषध घेऊ नका, दुकानदार देतील. माडाचा जीव शेंड्यात, शेंडा गेला की खालून फुटवा येत नाही. बुंधा पहारीने चारी बाजूंनी मोकळा करून काढा किंवा जमिनीसरशी कापून मातीत गाडून टाका, उघडा ठेवू नका. खड्ड्यातली माती एका पावसात बसते, तेव्हा वर भर घालावी लागेल. नवीन रोप तिथेच लावायचा मोह होतो, पण भिंतीपासून वीसेक फूट आणि दुसऱ्या माडापासून पंचवीस फूट जागा बघा, नि वरून वायर जात नाही ना ते पण बघा.