पॅरिसमध्ये जुने कपडे आणि ॲंटिक वस्तू घेताय? या चुका टाळा

सगळ्यात महाग पडणारी चूक चिठ्ठी वाचण्यात होते. खुर्चीला लटकवलेल्या चिठ्ठीवर ‘स्तील लुई कॅंझ’ लिहिलेलं दिसतं. पंधरावा लुई राज्यावर होता १७१५ ते १७७४, म्हणजे खुर्ची अडीचशे वर्षं जुनी असणार असं गिऱ्हाईक धरून चालतं. पण ‘स्तील’चा अर्थ फक्त ‘त्या धाटणीची’. ती खुर्ची १८९० ची असेल, १९६० चीही असेल. खरोखर त्या काळातली असेल तर शब्द येतो ‘एपोक’. हा फरक बोलण्यातला नाही, कायद्यातला आहे. ३ मार्च १९८१ च्या फ्रेंच हुकुमानुसार वस्तूच्या नावापुढे ‘एपोक’ किंवा शतक लिहिलं की विक्रेता त्या काळाची हमी देतो. ‘स्तील’, ‘झांर’, ‘गू’, ‘मानिएर’ या शब्दांमागे काळाची कसलीही हमी नसते. चित्रांच्या बाबतीत ‘दाप्रे’ म्हणजे मूळ चित्रावरून नंतर केलेलं. ‘आत्रिब्यूए आ’ म्हणजे चित्र त्या चित्रकाराच्या काळातलं आहे आणि त्याचंच असावं असं मानायला भक्कम कारण आहे, पण खात्री नाही.

तोंडी मात्र सगळेच विक्रेते ‘ही फार जुनी आहे’ म्हणतात. म्हणून किंमत ठरल्यावर, पैसे देण्याआधी ‘फाक्त्यूर’ मागा, म्हणजे बिल. वस्तू काय, कशाची, कुठली आणि कोणत्या काळातली हे त्यावर लिहून द्यायला विक्रेता कायद्याने बांधील आहे, पण गिऱ्हाइकाने मागितलं तरच. तोंडी ‘अठराव्या शतकातली’ म्हणणारा माणूस लिहिताना ‘स्तील’वर आला, तर किंमत पुन्हा बोलायची. ‘दां सों ज्यू’ हे शब्द दिसले तर वस्तू जशी सापडली तशी ठेवली आहे, दुरुस्ती किंवा सफाई झालेली नाही. हे वाईट नाही, उलट दुरुस्त्यांच्या थराखाली काय लपलंय हा प्रश्न सुटतो. फक्त पुढचा खर्च तुमचा आहे हे ध्यानात ठेवून बोला.

चुकीची जागा, चुकीचा दिवस

सँ-ऊआँचा प्रसिद्ध बाजार शहराच्या उत्तर टोकाला, रिंगरोडच्या पलीकडे आहे. मेट्रो ४ ने पोर्त द क्लिन्यांकूरला उतरलं की आधी रिंगरोडच्या पुलाच्या आसपास नवे स्वस्त जॅकेट, बूट आणि नकली ब्रँडच्या बॅगा विकणारी गर्दी लागते. बरेच जण यालाच बाजार समजून परत फिरतात. खिसेकापू आणि वाट्यांच्या जुगारवाले इथेच असतात. न थांबता पुलाखालून पलीकडे जा आणि डावीकडे तिरक्या जाणाऱ्या र्यू दे रोझिएवर या. खरा बाजार या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहे. व्हेर्नेझों हा त्यातल्या छोट्या बाजारांपैकी सर्वांत जुना, १९२० चा. अरुंद बोळांत बटणं, लेस, काचेचे मणी, पोस्टकार्डं, असा बारीक माल तिथे मिळतो. पोल बेर आणि सेर्पेतमध्ये फर्निचर आणि नामांकित डिझाइनचा माल आहे. तिथल्या किमती जगभरच्या व्यापाऱ्यांना पाहून लावलेल्या असतात.

र्यू दे रोझिए नावाचा आणखी एक रस्ता शहराच्या मध्यभागी मारे भागात आहे. नकाशावर नुसतं रस्त्याचं नाव टाकलं तर तिकडेच पोहोचाल, आणि आजूबाजूला जुन्या कपड्यांची दुकानंही दिसल्यामुळे चूक लवकर कळणार नाही. पत्त्यात ‘सँ-ऊआँ’ हवंच.

दिवसांबाबत: शनिवार आणि रविवार हे भरवशाचे. सोमवारी बाजार उघडा असतो असं लिहिलेलं आढळतं, पण निम्मी शटरं बंद मिळतात. शुक्रवार सकाळ व्यापाऱ्यांची. ऑगस्टमध्ये अनेक दुकानदार सुट्टीवर जातात, फक्त खरेदीसाठी येणाऱ्याने तो महिना टाळावा.

दक्षिणेला पोर्त द व्हाँव्हचा बाजार (मेट्रो १३) शनिवार-रविवारी सकाळी पदपथावर भरतो. चमचे, चादरी, कामगारांचे निळे कोट, छोटी चित्रं अशा हातात मावणाऱ्या मालासाठी आमच्या मते हाच चांगला. इथली चूक म्हणजे अकराला पोहोचणं. सकाळी सात-साडेसातला माल मांडताना निवड होते, दुपारी एकच्या सुमाराला आवराआवर सुरू होते.

कपडे: आकड्यावर जाऊ नका, टेप काढा

फ्रेंच ३८ म्हणजे इटालियन ४२ आणि जर्मन ३६. एकाच रॅकवर तिन्ही देशांचे कपडे लटकलेले असतात आणि लेबलवर देश लिहिलेला असेलच असं नाही. त्यात जुनी मापं आजच्यापेक्षा तंग. १९६० च्या दशकातला ४२ आज ३८ सारखा बसू शकतो. त्यामुळे खिशात शिंप्याची टेप ठेवा आणि आपल्याला नीट बसणाऱ्या एका कपड्याची मापं फोनमध्ये लिहून न्या. कपडा सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा, दुप्पट करा. ड्रेसला छातीच्या मापापेक्षा ५-६ सेंटिमीटर जास्त हवेत, स्वेटरवर घालायच्या कोटाला १०-१२. खांदा कमी पडला तर कपडा सोडा, खांदा वाढवता येत नाही. कंबर वाढवता येईल का, हे आतल्या शिवणीत कापड किती दाबलंय त्यावर ठरतं. दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर असतील तर कुठलाही चांगला शिंपी वाढवून देईल.

मग कपडा उलटा करा. काखेत घामाने कापड कडक, पिवळं किंवा विरळ झालं असेल तर ते धुऊन सुधारत नाही, पहिल्याच ओढीत फाटतं. वास कोरड्या कपड्याला येत नसला तरी अंगाच्या उबेने आणि दमटपणाने परत येतो, म्हणून काखेवर तळहात अर्धा मिनिट दाबून धरा आणि मग हुंगा.

जुन्या रेशमाची परीक्षा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला रेशीम भारदस्त वाटावं म्हणून त्यात धातूंचे क्षार भरत. असं रेशीम घड्यांवर आपोआप चिरतं, लटकवून ठेवलं तरी. प्रकाशासमोर धरा. उभ्या बारीक भेगा दिसल्या तर तो कपडा भिंतीवर लावायचा, अंगावर घालायचा नाही. रफूने उपयोग होत नाही, कारण टाका धरायला धागाच उरलेला नसतो. कोटाचं कापड उत्तम आणि अस्तर असं चिरलेलं, हेही नेहमी दिसतं. पूर्ण अस्तर बदलण्याची मजुरी किमतीत धरा.

काळ ओळखायला झिप आणि लेबल पुरतात. डाव्या कुशीतली धातूची झिप ही साधारण १९५०-६० पर्यंतची खूण, नायलॉनची झिप साठच्या दशकापासून रुळली. धुलाईच्या चिन्हांचं काम पाहणारी जिनेटेक्स संस्था पॅरिसमध्ये १९६३ साली स्थापन झाली आणि लोकरीचं वुलमार्क चिन्ह १९६४ साली आलं. ही चिन्हं शिवलेला कोट ‘१९५० चा’ म्हणून दाखवत असतील तर पुढे चला. ‘वेस्ट जर्मनी’ लिहिलेलं लेबल १९९० च्या आधीचं.

लोकरीत कसर आहे का हे भोकांवरून उशिरा कळतं. कॉलरच्या खाली, खिशाच्या तळाशी, पँटच्या दुमडीत वाळूसारखे कण किंवा पांढऱ्या रेशमी नळ्या दिसतात का बघा. घेतलेला कपडा इतर कपड्यांत मिसळू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बांधा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास बंदच ठेवायची, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरतं. हॉटेलच्या छोट्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा एवढा थंड होत नाही. नुसत्या डांबरगोळ्यांवर विसंबू नका. मुंबई-कोकणात नेणार असाल तर चामडं आणि लोकर पावसाळ्याआधी पूर्ण वाळवून ठेवा, फ्रेंच हवेत टिकलेली वस्तू आपल्याकडे एका जुलैत बुरशी धरते.

बुटांबद्दल एवढंच: फोमसारखा पॉलियुरेथेनचा तळ न वापरता ठेवलेला असला तरी हवेतल्या दमटपणाने आतून मोडतो. अंगठ्याने दाबा. चिकट लागला किंवा चुरा निघाला तर दिसायला कोरा असूनही तो दहा पावलं चालणार नाही. चामड्याच्या तळाचे बूट घ्या.

ड्रायक्लीनिंगच्या दुकानावर फ्रान्समध्ये ‘प्रेसिंग’ लिहिलेलं असतं, तिथे नुसती इस्त्री होते असं समजू नका.

किलोवर मिळणारे कपडे

मारे भागात वजनावर कपडे विकणारी दुकानं आहेत. टॅगच्या रंगावरून किलोचा दर ठरतो आणि प्रत्येक रंगाचा दर वेगळा. समजा दर किलोला ४० युरो आहे. १२० ग्रॅमचा रेशमी ब्लाउज ४.८० युरोला पडतो, १.८ किलोचा लोकरीचा कोट ७२ युरोला. म्हणजे इथे हलका माल घ्यायचा आणि जड कोट, चामड्याचं जॅकेट नगाच्या भावाने विकणाऱ्या दुकानातून. दुकानात काटा ठेवलेला असतो. रांगेत लागण्याआधी हॅंगर काढून स्वतः वजन करा.

नामांकित ब्रँड आणि नकली माल

एर्मेसचा चौकोनी रुमाल बाजारात सर्वत्र दिसतो. मूळ माप ९० × ९० सेंटिमीटर, कापड रेशमी ट्विल. काठ हाताने वळलेला असतो, वळण चित्राच्या बाजूला येतं, फुगीर राहतं आणि टाके किंचित कमीजास्त असतात. काठ सपाट, मशीनचा किंवा मागच्या बाजूला वळलेला असेल तर ठेवून द्या. नकली वस्तू ‘आठवण म्हणून’ घेणंही फ्रान्समध्ये गुन्हा आहे, विमानतळावर जप्ती आणि दंड दोन्ही होतात.

चांदी, चिनीमाती, दिवे, तांबं

दहापट भिंग जवळ असेल तर चांदीत फसणं अवघड आहे. १८३८ पासून फ्रेंच चांदीवर मिनर्व्हा देवतेच्या मस्तकाचा ठसा असतो. त्यातला आकडा १ असेल तर शुद्धता हजारात ९५०, आकडा २ असेल तर ८००. कारागिराचा ठसा समभुज चौकटीत, म्हणजे शंकरपाळ्याच्या आकारात. हाच ठसा सरळ चौकोनात असेल तर ती चांदीचा मुलामा दिलेली वस्तू. मुलाम्याच्या वस्तू बनवणाऱ्या क्रिस्तोफ्ल कंपनीच्या काट्यावर ‘८४’ पाहून अनेकांना ती शुद्धता वाटते. प्रत्यक्षात तो आकडा सांगतो की डझन चमचे आणि डझन काट्यांवर मिळून ८४ ग्रॅम चांदी चढवली आहे. रोज जेवायला मुलाम्याचे काटे-चमचे उत्तमच, पण चांदीच्या भावाने घेऊ नका. सोन्याच्या दागिन्यावर गरुडाचं मस्तक असलं तर ते १८ कॅरेटचं.

‘लिमोज’ हे गावाचं नाव आहे, कारखान्याचं नाही. बशीच्या तळाशी झिलईखालचा शिक्का पांढरी बशी बनवणाऱ्याचा आणि झिलईवरचा दुसरा शिक्का रंगकाम करणाऱ्याचा असतो. बशी बोटांवर तोलून नखाने टिचकी मारा, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

लाकडात १-२ मिलिमीटरची गोल भोकं जुनी असली तर घाबरायचं कारण नाही. ठोकल्यावर फिकट, ताजा भुगा पडला तर आत किडा जिवंत आहे.

जुन्या फ्रेंच दिव्यांत बहुतेकदा दोन पिनांचा बी-२२ होल्डर असतो. आपल्याकडेही तोच चालतो आणि वीजही २३० व्होल्टच, त्यामुळे बल्बची अडचण येत नाही. पण कापडी आवरणाची वायर चालू करून पाहू नका, आधी नवी घाला.

तांब्याच्या जुन्या भांड्यांची आतली कल्हई गेलेली असली की पर्यटक ती शोभेची समजून सोडतात. आपल्याला ती सोडायचं कारण नाही, घरी आल्यावर कल्हई करून घेता येते. तोवर त्यात आंबट काही शिजवू नका. पत्रा पातळ आहे का आणि मुठीचे रिव्हेट हलतात का, एवढं तिथेच बघा.

घासाघीस, रोकड, लिलाव

‘बोंझूर’ न म्हणता वस्तू उचलणं इथे उद्धटपणा ठरतो आणि किंमत तिथेच अडते. चोर बाजारासारखी निम्म्यावरून सुरुवात केली तर विक्रेता बोलणं थांबवतो. ‘से व्होत्र मेय्यर प्री?’ (यापेक्षा कमी होईल का?) असं शांतपणे विचारा. दहा-पंधरा टक्के सुटतात, दोन-तीन वस्तू एकत्र घेतल्या तर थोडे अधिक. ठरलेल्या किमतीच्या फ्रिपरीत, म्हणजे जुन्या कपड्यांच्या दुकानात, घासाघीस करू नका. पदपथावरच्या बाजारात सुटे युरो लागतात.

द्रुओ लिलावगृहात माल आदल्या दिवशी आणि लिलावाच्या सकाळी हाताळून पाहता येतो. हातोडा पडलेल्या किमतीवर साधारण २५ ते ३० टक्के वर द्यावे लागतात. बोली लावताना हे धरलं नाही तर २०० ची वस्तू २५० च्या वर जाते.

परत आणताना

हस्तिदंताची मूठ असलेल्या सुऱ्या, कासवाच्या पाठीच्या फण्या, बिबट्याची फर या वस्तू स्वस्त असल्या तरी घेऊ नका. भारतात हस्तिदंताचा व्यापार पूर्ण बंद आहे आणि वस्तू जुनी असल्याचं कारण कस्टमसमोर चालत नाही. उत्खननात निघालेल्या, १०० वर्षांहून जुन्या वस्तूला युरोपबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो, किंमत कितीही कमी असो.

भारतात राहणाऱ्याला एका दुकानात १०० युरोंहून जास्त खरेदीवर कर परत मिळू शकतो, पण जुन्या मालाचे अनेक विक्रेते फक्त नफ्यावर कर भरतात आणि त्यांच्या बिलावर कर वेगळा दिसत नाही. ‘देताक्स’, म्हणजे करपरतावा, देता का, हे किंमत ठरवण्याआधी विचारा. मिळत असेल तर बॅग चेक-इन करण्याआधी विमानतळावरच्या पाब्लो यंत्रावर कागद स्कॅन करायचा, वस्तू दाखवायला सांगू शकतात.

सुऱ्या, कात्र्या, काटे चेक-इनच्या बॅगेत. बशा आडव्या न रचता उभ्या ठेवा, प्रत्येकीच्या मध्ये जाड कापड, आणि सगळ्यांभोवती तो घेतलेला लोकरीचा कोट गुंडाळा, कसरीची तपासणी झालेली असेल तरच.