जर्मनीत शिकणाऱ्या मुलाकडे जाताय? मग आधी हे बघून घ्या

तिकीट काढायच्या आधी पोराला परीक्षा कधी आहेत ते विचारा, साधारण फेब्रुवारीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये असतात, तेव्हा गेलात तर तो दिवसभर लायब्ररीत आणि तुम्ही खोलीत बसून. शेंगेन व्हिसाचा (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणारा एकच व्हिसा) अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, अगदी शेवटच्या 15 दिवसांवर नेऊ नका. प्रवासाचा मेडिकल इन्शुरन्स किमान 30,000 युरोचा लागतो. बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न आपले, आणि आमंत्रणाचं पत्र मुलाकडून मागवा.

आता बॅग, सगळा जीव तिथेच अडकतो आपला. पण तूप, पेढे नेऊ नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे किंवा मटणाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, ताजा कढीपत्तापण नाही चालत. त्यापेक्षा गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी न्या, डबल पिशवीत घट्ट बांधून वर इंग्रजीत नाव लिहा. बीपी-शुगरच्या गोळ्या प्रिस्क्रिप्शनसकट हँडबॅगेतच.

होस्टेलवर पाहुणे किती दिवस चालतात तेही विचारून ठेवायला सांगा. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणा. आणि रात्री 10 नंतर मिक्सर नको, शेजाऱ्यांचं नंतर पोरालाच ऐकावं लागतं.