यंत्रात सापडलेला हात: टाके निघाल्यानंतरच्या या चुका टाळा

दिवाळीनंतर भाताची मळणी सुरू होते आणि संक्रांतीच्या सुमारास मुरबाड-शहापूरकडचे शेतकरी ठाण्यात माझ्याकडे हाताच्या व्यायामोपचारासाठी येऊ लागतात. जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात आणि तरीही हात कामाचा उरलेला नसतो. यातले पुष्कळसे नुकसान यंत्राने नव्हे, तर त्यानंतरच्या आठवड्यांत झालेले असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे हात झोळीत अडकवून तो आपोआप बरा होण्याची वाट पाहणे. शहापूरकडच्या एका शेतकऱ्यांचा डावा हात पेंढी सरकवताना मळणी यंत्रात ओढला गेला. तळहाताची दोन हाडे मोडली, पण बोट एकही तुटले नाही. तारा घालून हाडे सांधली गेली, सहा आठवड्यांनी तारा निघाल्या, हाडे उत्तम जुळली आणि बोटे हलवायला हवीत हे त्यांना कोणीही सांगितले नाही. कळव्याला भावाकडे राहून त्यांनी हात जिवापाड जपला आणि चौदाव्या आठवड्यात ते माझ्यासमोर आले, तेव्हा चारही बोटे मुळापासून ताठ होती आणि हातात विळ्याची मूठ मावत नव्हती. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे सरळ राहिले की त्यांच्या बाजूचे बंध आखडतात आणि सूज मुरून त्या जागी चिवट व्रण तयार होतो. म्हणूनच आधाराची पट्टी बांधताना मनगट किंचित मागे, मुळाचे सांधे 70 ते 90 अंशांत वाकलेले आणि बोटे पुढे सरळ ठेवतात. त्यांना सांधे मोकळे करण्याची दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली, पुढे आठ महिने उपचार चालले आणि तरीही मूठ अर्धीच मिटते. पुढच्या हंगामात त्यांनी शेत अर्धेलीने दिले.

माझी पद्धत साधी आहे. पहिल्या दिवसापासून हात हृदयाच्या वर ठेवायचा आणि शल्यचिकित्सकांनी परवानगी दिलेली बोटे दर तासाला हलवायची. शिवलेल्या स्नायुबंधाचे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीचे, वेळापत्रक मात्र त्यांनाच विचारायचे. जखम पूर्ण भरली की घमेल्यात तांदूळ घेऊन त्यात हात खुपसायचा, मूठ भरायची, सोडायची. “ताई, एकदा जोर लावून सोडवाच,” असे म्हणणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देते, कारण ओढून मोकळा केलेला सांधा दुसऱ्या दिवशी दुप्पट सुजतो. गरम तेलाने रगडून घेणारेही असेच महिने गमावतात, आणि मला त्याचे फार वाईट वाटते.

दुसरी चूक बधिर बोटांबाबत होते. शिवलेली नस, म्हणजे संवेदना वाहून नेणारा मज्जातंतू, दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, त्यामुळे मनगटाजवळ कापलेली नस बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला कित्येक महिने जातात. महिनाभरात संवेदना आली नाही म्हणून उपचार सोडणारे आणि त्याच बोटांनी चुलीवरचे भांडे उतरवून भाजून घेणारे, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण मी पाहिले आहेत. अशा हाताचे तळवे रोज संध्याकाळी उजेडात तपासावेत.

अपघात होतो त्या वेळच्याही काही गोष्टी लक्षात ठेवा. तुटलेले बोट थेट बर्फात ठेवू नये. ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळून पिशवीत घालावे आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवावी. यंत्राच्या हायड्रॉलिक (दाबाखालच्या तेलाच्या) नळीतून उडालेल्या तेलाने हाताला पडलेले छिद्र टाचणीएवढे दिसले तरी त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तुटून गेलेले बोट नसतानाही दुखते हा भ्रम नव्हे, ते लपवू नये. आरशासमोर धडधाकट हाताचे व्यायाम करून काहींना आराम पडतो.

कागदपत्रांची दिरंगाईसुद्धा आयुष्यभर नडते. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाताने एक हात किंवा पाय निकामी झाल्यास 1 लाख रुपये मिळतात, परंतु तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज 30 दिवसांत द्यावा लागतो, आणि त्या दिवसांत सगळे घर रुग्णालयाच्या खेपा घालत असते. हे काम घरातल्या एकाकडे पहिल्याच आठवड्यात सोपवावे.

पुन्हा मळणीला उभे राहण्याची घाई मला समजते, कारण हंगाम थांबत नाही. तरीही संवेदना परतेपर्यंत पेंढ्या वाहाव्यात, दाणे वारवावेत. यंत्राच्या तोंडाशी दुसऱ्या कोणाला तरी उभे करावे.