घराची आगोट केलीत, धंद्याची केलीत का? घरून व्यवसाय करताना या चुका टाळा

मे संपत आला की आमच्याकडे घरोघरी एकच लगबग सुरू होते. सुकी लाकडं पडवीत रचायची, सुके बांगडे आणि सोडे डब्यांत भरायचे, मसाला बरणीत दाबून बसवायचा, घर शाकारून घ्यायचं. याला आम्ही आगोट म्हणतो. मिरग (मृग नक्षत्र) लागायच्या आत चार महिन्यांची बेगमी झालेली असली की जिवाला स्वस्थता असते.

मी मालवण तालुक्यातल्या एका गावातून आगळ (कोकमाचा खारवलेला रस), अमृत कोकम, आंबापोळी आणि मालवणी मसाला विकते. यंदा आठवं वर्ष. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक तुटलं ते माल वाईट होता म्हणून जवळजवळ कधीच नाही. ऑर्डर विसरले, हिशेब लागला नाही, फोन बंद पडला, बाटली गळली, अशी कारणं निघाली. आपल्या बायका रांधण्यात कुठे कमी नाहीत. घराची आगोट न चुकता करतो, धंद्याची मात्र राहून जाते. माझ्याकडून झालेल्या आणि बचत गटातल्या मैत्रिणींकडे पाहिलेल्या चुका लिहिते आहे.

ऑर्डर चॅटमध्येच ठेवणं

सगळ्यात महाग चूक ही, म्हणून तिच्यावर जास्त लिहिते.

तिसऱ्या वर्षी डोंबिवलीच्या एका ताईंनी श्रावणात बारा बाटल्या आगळ आणि दोन किलो मसाला सांगितला होता. गणपतीत घरी माणसं येणार होती. मी लगेच ‘हो, पाठवते’ असं उत्तर दिलं. मग त्या मेसेजवर दुसरे मेसेज आले, त्यावर शुभेच्छांची चित्रं आली, आणि तो चॅट खाली खाली गेला. हरतालिकेच्या सकाळी त्यांचा फोन आला, “वहिनी, पार्सल कुठवर आलंय?” मी पडवीत उभी होते आणि बाराच्या बारा बाटल्या समोर फळीवर होत्या. त्या रागावल्या नाहीत. पुन्हा कधी ऑर्डरही दिली नाही.

त्या दिवशी सासूबाई एवढंच म्हणाल्या, “वहीत लिवन ठेव गो.” त्यांच्या काळी दूध घालायचं ते वहीत लिहून. मी दोनशे पानी लांब वही आणली आणि आडव्या पानावर रकाने आखले: तारीख, नाव, गाव आणि पिनकोड, माल, रक्कम, पैसे आले का, कधी पाठवलं, पार्सलचा क्रमांक. ऑर्डर फोनवर येवो, व्हॉट्सअ‍ॅपवर येवो की पाणंदीत भेटून कोणी सांगो, वहीत चढेपर्यंत ती ऑर्डर नाही, असा नियमच केला. शेवटचा रकाना रिकामा असलेली ओळ पान उघडल्याबरोबर डोळ्यांत खुपते. कुठलंही अ‍ॅप आणण्याआधी ही वही आणा.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या. ते फुकट आहे आणि त्यातल्या तीन गोष्टी खरोखर उपयोगाच्या आहेत. पहिली लेबलं: प्रत्येक चॅटला ‘नवीन ऑर्डर’, ‘पैसे बाकी’, ‘पाठवलं’ यातलं एक लावायचं. दुसरी झटपट उत्तरं: भावपत्रक, पत्ता कसा पाठवायचा, पार्सलला किती दिवस लागतात हे एकदाच लिहून साठवायचं, म्हणजे रोज तेच टाइप करावं लागत नाही. तिसरा कॅटलॉग: फोटो, वजन आणि भाव एका ठिकाणी. भाव वाढला की कॅटलॉगमध्ये त्याच दिवशी बदला. जुना भाव दाखवून नवा मागितला की गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो.

ब्रॉडकास्टबद्दल, म्हणजे यादी करून एकच मेसेज अनेकांना पाठवण्याबद्दल, बऱ्याच जणींचा गैरसमज असतो. ‘दोनशे जणांना मेसेज टाकला, एकाचंही उत्तर नाही’ अशी तक्रार आली की मी आधी विचारते, त्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे का? नसेल तर मेसेज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. एका यादीत 256 जणच बसतात, हेही लक्षात असू द्या. मी प्रत्येक पार्सलमध्ये एक चिठ्ठी घालते: ‘हा नंबर सेव्ह करा, पुढच्या हंगामाची खबर मिळेल.’

एकच फोन घरातल्या चौघांनी हाताळला की तिकडूनही घोळ होतो. मेसेज मुलगा वाचतो, निळी खूण पडते, आपल्याला पत्ताच नसतो. त्यापेक्षा त्याच खात्याला दुसरी उपकरणं जोडा. मुख्य फोनशिवाय चार जोडता येतात. माझी मुलगी पुण्यात बसून संध्याकाळच्या चौकशांना उत्तरं देते.

घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा एकाच खात्यात

गिऱ्हाइकाचे पैसे आले, त्याच खात्यातून विजेचं बिल गेलं, मुलाची फी गेली, मिरची आली. मार्चमध्ये विचारलं की यंदा किती सुटले, तर उत्तर एकच, ‘बरं चाललंय.’ तेवढ्यावर बँक कर्ज देत नाही. धंद्याला वेगळं खातं काढा, क्यूआर कोड त्याच खात्याचा छापा, आणि घरखर्चाला लागतील ते पैसे महिन्यातून एकदा ठरवून काढा.

भाव काढताना होणारी चूक जवळून दाखवते. एका वर्षी मी 300 रुपये किलोने पाच किलो बेडगी घेतली आणि मसाल्याचा हिशेब 300 धरून मांडला. पुढच्या वर्षी देठ काढून, दोन दिवस ऊन दाखवून मिरची पुन्हा काट्यावर घातली, तर पाच किलोची सव्वाचार झाली होती. म्हणजे 1500 रुपयांत सव्वाचार किलो, किलोमागे 353. मसाल्याला हात लावायच्या आधीच किलोमागे 53 रुपये माझ्या खिशातून जात होते. वर धणे, गरम मसाला, भाजायचं तेल, गॅस, डंकाची मजुरी, पिशवी आणि आपल्या हाताची मजुरी. ही शेवटची बहुतेक जणी धरतच नाहीत. ती धरा. शेजारच्या बाईला कामावर बोलावलं असतं तर जेवढे दिले असते, तेवढे स्वतःला लावा.

पैशाचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये रक्कम दिसल्याशिवाय पार्सल बांधू नका. आणि हे घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्यांनाही सांगून ठेवा: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका’ असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. फसगत झालीच तर लाजत बसू नका, लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे मिनिटांना किंमत आहे.

वीज आणि नेट असणारच, असं धरून चालणं

3 जून 2020 ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते आमच्या किनाऱ्याला घासून गेलं. निसर्गनंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत दिवसच्या दिवस अंधार होता. एवढं वादळ दरवर्षी येत नाही, पण फांदी तारेवर पडून दोन दिवस लाईट नाही हे दर पावसाळ्यात होतं.

राउटरला छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. पंख्या-दिव्यांचा इन्व्हर्टर असेल तर राउटरचा प्लग त्या लाइनवर आहे ना, हे तपासा. खूप घरांत तो नेमका दुसऱ्या लाइनवर असतो. कनेक्शन फायबरचं असून वायफायचा डबा आणि फायबरचा डबा वेगवेगळे असतील, तर दोन्हींना वीज लागते. फोनमध्ये दुसरं सिम दुसऱ्या कंपनीचं ठेवा. आमच्या वाडीत एकाची रेंज घरात येते आणि दुसऱ्याची सड्यावर गेल्यावरच, तरी अडीनडीला ते दुसरं सिमच कामी आलंय.

नेट गेलं की ऊठसूट राउटर बंद-चालू करू नका. आधी डब्यावरचे दिवे बघा. ‘एलओएस’ लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर तार कुठेतरी तुटली आहे. आपण काही करून उपयोग नाही, तक्रार नोंदवा. तो लाल नसेल तर बंद-चालू करून बघायला हरकत नाही.

विजा चमकायला लागल्या की नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग भिंतीतून काढा. फायबरची तार काचेची, तिच्यातून वीज येत नाही, पण अ‍ॅडाप्टरमधून येते आणि डबा जळतो. वळवाच्या पावसात आणि पुन्हा ऑक्टोबरात हे जास्त सांभाळायचं.

एकच प्रत, तीही दमट खोलीत

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी मालाबरोबर उधारीच्या वह्याही जातात. माल पुन्हा भरता येतो, पण कोणाकडून किती येणं आहे ते परत कुठून आणणार? दर शनिवारी मी वहीच्या आठवडाभराच्या पानांचे फोटो काढून मुलीला पाठवते. पाच मिनिटांचं काम.

व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप आपोआप होतो, अशा समजुतीत राहू नका. आता तो गूगलच्या 15 जीबी फुकट जागेत मोजला जातो, आणि ती जागा फोटोंनी भरली की बॅकअप थांबतो. सेटिंगमध्ये ‘चॅट बॅकअप’ उघडा आणि शेवटची तारीख बघा. ती तीन महिन्यांपूर्वीची निघाली तर नको ते व्हिडिओ आजच काढून टाका. सेटिंगमध्येच ‘अकाउंट’खाली दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सहा आकडी पिन लावा. धंद्याचा नंबर दुसऱ्याच्या हाती गेला तर आपल्या नावाने तो गिऱ्हाइकांकडे पैसे मागेल.

लेबल, कागद, काटा

साध्या इंकजेटवर छापलेल्या लेबलची शाई आमच्या दमट हवेत आठ दिवसांत फुटते. थर्मल लेबलला पाण्याचं तेवढं भय नाही, पण ऊन आणि उष्णता लागली की अक्षरं जातात. रोल स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

लेबलवर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा) 14 आकडी क्रमांक, घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख, सर्व करांसह किंमत, शाकाहाराची हिरवी खूण, आपला पत्ता आणि तक्रारीसाठी फोन एवढं हवंच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारदरबारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी कोणी ‘फी’ मागितली तर तुम्ही चुकीच्या जागी आहात. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन (वजनमापं तपासणाऱ्या सरकारी) खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो.

सिंधुदुर्गातल्या भगिनींनी आणखी एक जपायचं. मालाच्या विक्रीला जीएसटीची 40 लाखांची मर्यादा ऐकून आपण निर्धास्त होतो, पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा तर नोंदणी आधी लागते. पणजी आपल्याला शेजारघर वाटतं, कायद्याला ते परराज्य आहे. गोव्यातल्या दुकानाला माल द्यायच्या आधी सीएला विचारा.

पार्सल न तपासता देणं

आगळ खारट आणि आंबट. पत्र्याचं झाकण त्यात गंजतं, म्हणून प्लास्टिकचंच झाकण घ्या. बाटल्या भरून झाल्या की रात्रभर वर्तमानपत्रावर उलट्या ठेवा. सकाळी कागदावर लाल वर्तुळ उमटलं असेल ती बाटली बाजूला. तासाभरात काही कळत नाही, गळती हळू असते, रात्र जाऊ द्यावी लागते. ही सवय लागल्यापासून ‘पार्सल चिकट झालंय’ असा फोन मला वर्षात एखादाच येतो.

बांधलेलं पार्सल काट्यावर ठेवून, पत्ता दिसेल असा फोटो काढा. स्पीड पोस्टचा 13 अक्षर-आकड्यांचा क्रमांक त्याच दिवशी गिऱ्हाइकाला पाठवा. गणपतीच्या आधी महामार्ग तुंबतो, गाड्या भरून येतात, सगळंच उशिरा पोचतं. मी चतुर्थीच्या बारा दिवस आधी ऑर्डर बंद करते आणि ती तारीख श्रावण लागताच कळवते. उशिरा येणाऱ्याला नाही म्हणायला जड जातं, तरी म्हणते.

‘घरातच तर असतेस’

हे ऐकून घेणं ही चूक आपलीच. ओटीवर कोणी आलं की हातातलं सोडून उठायचं, चहा टाकायचा, भट्टीवरचा पाक पुढे जायचा. अमृत कोकमाचा पाक एकदा पुढे गेला की बाटलीत साखर बसते, तो घाणा विकता येत नाही. रात्री अकराला भाव विचारणाऱ्यालाही मी उत्तर देत असे, आणि सकाळी अंगात काम करायचं बळ नसे.

आता दहा ते एक मी मागच्या पडवीत असते. फोनवर ‘दुपारी एक ते रात्री आठ या वेळेत उत्तर देते’ हा मेसेज बाकीच्या वेळी आपोआप जातो. घरच्यांना समजावायला फोनपेक्षा जास्त वेळ लागला. सुरुवातीला सासूबाईच दर अर्ध्या तासाने हाक मारायच्या. मग एकदा त्यांना वही उघडून त्या महिन्याची बेरीज दाखवली. आता शेजारची कोणी खळ्यात आली की त्या ओटीवरूनच सांगतात, “ती कामात आसा, एक वाजता ये.”