विंडोजला धक्का न लावता शेजारी लिनक्स मिंट

विट्यात आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, यात्रेची हँडबिलं, पावतीपुस्तकं अशी कामं. वीस वर्षांच्या फाइली पेजमेकर ७ या जुन्या प्रोग्राममध्ये आणि श्रीलिपी फाँटात आहेत. त्यातला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्या चालणाऱ्या अक्षरसंकेतात, नाही, त्यामुळे दुसऱ्या फाँटमध्ये उघडला की ‘श्री गणेशाय नमः’च्या जागी नुसती चिन्हं दिसतात. म्हणजे विंडोज काढायचा प्रश्नच नव्हता. पण दुकानातला कॉम्प्युटर इंटेलच्या चौथ्या पिढीचा. विंडोज ११ ला आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यावर बँकेचे व्यवहार करायला मन धजेना. शेवटी पत्रिकांना विंडोज आणि इंटरनेटला लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी दुसरी सिस्टिम, अशी एकाच कॉम्प्युटरवर वाटणी केली.

प्रत्यक्ष इन्स्टॉल वीसेक मिनिटांत होतं. त्याआधीच्या तयारीला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि त्यात घाई करू नका असं मी कळकळीने सांगेन.

आधी बॅकअप. सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, आणि त्यातल्या चार-पाच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. न उघडणारा बॅकअप असून नसल्यासारखा.

मग एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरच्या माहितीला लावलेलं कुलूप, बघा. आमच्या नणंदेच्या लॅपटॉपवर ते आपोआप चालू होतं आणि तिला त्याचा पत्ताच नव्हता. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगच्या पडद्यात) एक सेटिंग बदललं आणि लॅपटॉपने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. तिच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती शेवटी सापडली, पण तोवर अर्धा दिवस आम्ही दोघी हवालदिल झालो होतो. म्हणून विंडोजच्या सेटिंगमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू दिसलं तर आधी ती की कागदावर उतरवून घ्या, मगच ते बंद करा. बंद होताना डिस्क उलगडायला वेळ लागतो. ते पूर्ण होऊ द्या.

तिसरी गोष्ट फास्ट स्टार्टअप. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, आणि त्यात ही खूण काढायची. ती चालू असली की शट डाउन करूनही विंडोज पुरतं बंद होत नाही, आपली काही अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. अशा अर्धवट झोपलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर मिंटमधून काही लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. माझ्या पत्रिका त्याच ड्राइव्हवर असल्याने मी हे दोनदा तपासलं.

आता जागा. डिस्क मॅनेजमेंट उघडून सी ड्राइव्हवर राइट क्लिक, ‘श्रिंक व्हॉल्यूम’. आकडा एमबीत द्यायचा असतो. १०० जीबीसाठी १०२४०० लिहा. मिंटला २० जीबीही चालतात, पण पुढे अडचण होते. तेवढी जागा सुटत नसेल तर हायबरनेशन आणि पेज फाइल या विंडोजच्या स्वतःच्या फाइली मध्येच बसलेल्या असतात. त्या तात्पुरत्या बंद करून पुन्हा प्रयत्न करा. सुटलेली जागा ‘अनअलोकेटेड’ दिसेल. ती तशीच मोकळी राहू द्या, फॉरमॅट करू नका.

मिंटची आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलीत) त्यांच्याच साइटवरून घ्या. साधारण तीन जीबीची आहे. उतरवल्यावर एसएचए२५६ची बेरीज (फाइलीवरून निघणारा, तिची ओळख पटवणारा लांबलचक आकडा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. सेव्हन-झिप हा प्रोग्राम असेल तर राइट क्लिकमध्येच ती सोय आहे. हा उगाच सोपस्कार नाही: फेब्रुवारी २०१६ मध्ये कोणीतरी मिंटची साइट फोडून तिथे खोडसाळ बदल केलेल्या फाइलीची लिंक लावली होती. नंतर रूफस या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर चढवा. पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’ यूईएफआय (बायोसचा नवा प्रकार) असेल तर रूफसमध्ये ‘पार्टिशन स्कीम’ म्हणून जीपीटी निवडा.

सुरू करताना बूट मेनूची कळ दाबत राहायची: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच चालतं. तिथेच वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासून घ्या. आमच्याकडे लाइटचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसची बॅटरी भरलेली बघूनच मी पुढचं बटन दाबलं. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

डेस्कटॉपवरच्या इन्स्टॉलच्या चित्रावर क्लिक केलं की भाषा, कीबोर्ड वगैरे सरळ आहे. जीव मुठीत धरायचा पडदा एकच: ‘इन्स्टॉलेशन टाइप’. ‘इरेज डिस्क’ला हात लावू नका, त्याने पूर्ण डिस्क पुसली जाते. ‘अलाँगसाइड विंडोज’ चालतं, पण मी ‘समथिंग एल्स’ घेते, कारण तिथे काय कुठे जातंय ते डोळ्यांना दिसतं. मोकळ्या जागेवर अधिकची खूण, प्रकार ‘एक्सटी४’, माउंट पॉइंट म्हणून नुसती तिरकी रेघ (/). आपण सोडलेली जागा इथे १०७३७४ एमबी दिसते. गोंधळू नका, जागा तेवढीच आहे. विंडोज १०२४ ने मोजतं, हा पडदा १००० ने. सिस्टिम सुरू करणाऱ्या फाइलींचं छोटं ‘ईएफआय’ विभाजन (डिस्कचा वेगळा भाग) आधीपासून असतं. दोन्ही सिस्टिम तेच वापरतात, त्याच्यासमोर फॉरमॅटची खूण नको. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी) वेगळं विभाजन करायची गरज नाही. आणि डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये ती रेड किंवा आरएसटी या जोडणीच्या पद्धतीवर असेल. एएचसीआय हवं, पण ते सरळ बदललं तर विंडोज उठत नाही. तिथे थांबा आणि जाणकाराला बसवून करा.

‘इन्स्टॉल नाऊ’नंतर बदलांची यादी येते. ती ओळ न ओळ वाचा. त्यात एनटीएफएस, म्हणजे विंडोजचं, विभाजन फॉरमॅट होणार असं दिसलं तर मागे फिरा.

पुन्हा चालू केलं की काळ्या पडद्यावर मिंट आणि विंडोज अशी निवड येते. मी पहिल्यांदा विंडोज उघडून पेजमेकरमध्ये एक जुनी पत्रिका पाहिली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

एखादे वेळी विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. मिंट आतल्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत (timedatectl set-local-rtc 1) द्या, आणि वेळ एकदा दुरुस्त करा.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट्समध्ये जाऊन मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी जोडा. मी टाइपरायटरच्या पद्धतीने शिकलेली, हात बसायला महिना गेला. पण आता दरपत्रकं आणि बिलं लिब्रे ऑफिसात युनिकोडमध्ये करते, आणि गिऱ्हाइकाला ती मोबाइलवर जशीच्या तशी वाचता येतात.

विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर निवडीचा पडदा नाहीसा होऊन थेट विंडोज चालू होऊ शकतं. मिंट गेलेलं नसतं, फक्त क्रम बदललेला असतो. बायोसच्या बूट ऑर्डरमध्ये जाऊन त्याला पुन्हा वर आणा. तिथे ‘मिंट’ शोधू नका. यादीत त्याचं नाव ‘उबुंटू’ असतं.