संपाची नोटीस द्यायच्या आधी तारखा मोजा

संप कायदेशीर की बेकायदेशीर हे बहुतेक वेळा मागणी रास्त आहे का यावर ठरत नाही, तारखांवर ठरतं. मागणी शंभर टक्के बरोबर असते, पण नोटीस दोन दिवसांनी कमी पडते आणि मॅनेजमेंटचा वकील तेवढंच धरून बसतो, म्हणून गेटवर झेंडा लावायच्या आधी कमिटीने कॅलेंडर घेऊन बसायचं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, म्हणजे संप आणि युनियनचा नवा केंद्रीय कायदा, लागू झाली आहे. आता कुठल्याही कंपनीत नोटिशीशिवाय संप करता येत नाही. नोटीस दिल्यावर १४ दिवस थांबायचं, ६० दिवसांच्या आत संपावर जायचं, आणि नोटिशीत लिहिलेल्या तारखेच्या आधी अजिबात नाही. आपल्याकडे १४ दिवसांची गोष्ट नवी नाही, महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात ती होतीच, आणि मान्यताप्राप्त युनियन असेल तर नोटिशीच्या आधी सभासदांचं बहुमत घ्यायचं हेही त्यातच होतं. मतदान आताही घ्याच, रजिस्टरवर सह्या असू द्या, पुढे हाच कागद कामाला येतो. नोटीस युनियनच्या लेटरहेडवर, एक प्रत लेबर ऑफिसला, दोन्हीकडून पोच घ्या, गेटवर घेतली नाही तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल.

खरी गोम पुढे आहे. नोटीस मिळाली की मालकाने ५ दिवसांत सरकारला आणि लेबर ऑफिसला कळवायचं असतं, मग कॉन्सिलिएशनचं, म्हणजे सरकारी अधिकाऱ्यासमोर तडजोडीच्या बोलण्यांचं, बोलावणं येतं, आणि पहिली मीटिंग झाली की कॉन्सिलिएशन सुरू झालं असं धरतात. ते चालू असेपर्यंत आणि संपल्यावर ७ दिवस संप केला तर बेकायदेशीर. अधिकाऱ्याने १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो, पण त्यानंतर युनियन किंवा मालक, दोघांपैकी कोणीही ट्रिब्युनलकडे (औद्योगिक न्यायाधिकरणाकडे) गेलं की ते प्रकरण संपून वर ६० दिवस होईपर्यंत परत बंदी. म्हणजे मधे मोकळे दिवस फार थोडे उरतात, आणि मालकाने ठरवलं तर तेवढेही उरत नाहीत, माझ्या मते हा कामगारांवर सरळ अन्याय आहे, पण आज कायदा असा आहे म्हणून प्रत्येक मीटिंगची तारीख लिहून ठेवा. आणि संप नको, सगळे मिळून सीएल (किरकोळ रजा) टाकू, असं कोणी सुचवलं तर थांबवा, ५० टक्के किंवा जास्त लोकांनी ठरवून एका दिवशी सीएल घेतली तरी तो संपच धरला जातो.

आता गेट. शांतपणे जमणं आणि युनियन करणं हा घटनेच्या कलम १९ चा हक्क आहे, संप मात्र मूलभूत हक्क नाही असं सुप्रीम कोर्टाने १९६२ लाच सांगितलंय. कंपनीच्या जागेत सभा घ्यायचा हक्क सुद्धा नाही, म्हणून बाहेर उभे रहा. पोलीस स्टेशनला आधी अर्ज द्या आणि त्या भागात जमावबंदी लागू आहे का ते विचारा, महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे आदेश वरचेवर निघत असतात. आत जाणाऱ्याला हात जोडा, पत्रक द्या, समजवा, पण बसच्या आडवं उभं राहू नका, मालाच्या गाडीपुढे बसू नका. आत जाणाऱ्याला अडवणं, घेराव, मुद्दाम हळू काम, मॅनेजरच्या घरासमोर निदर्शनं, हे सगळं संहितेत अनुचित प्रथा म्हणून लिहिलेलं आहे. मोबाईलवर सतत शूटिंग चालू ठेवायला दोन शांत डोक्याची माणसं नेमा.

पगाराचं आधीच घरी सांगून ठेवा. संप कायदेशीर आणि न्याय्य दोन्ही असला तरच त्या दिवसांचा पगार मागता येतो. नोटीस न देता, सबळ कारणाशिवाय दहा किंवा जास्त जण मिळून गैरहजर राहिले तर वरून ८ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. बेकायदेशीर संपाला १,००० ते १०,००० रुपये दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि चिथावणी देणाऱ्याला दंड ५०,००० पर्यंत, त्यामुळे पुढाऱ्यांनी भाषण जपून करावं. तरी संप बेकायदेशीर ठरला म्हणून सगळ्यांना सरसकट काढता येत नाही, कोणी काय केलं याची चार्जशीट आणि चौकशी लागते. सरकारी नोकरी, एसटी, वीज यांचे नियम वेगळे, तिथे मेस्मा (अत्यावश्यक सेवांमधल्या संपावर बंदी घालणारा राज्याचा कायदा) लागू शकतो, वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

संप मिटल्यावर खूप जण एका ठिकाणी फसतात. सकाळी गेटवर टेबल मांडलेलं असतं, सिक्युरिटी एकेकाला बोलावतो, पुढे छापील हमीपत्र, "यापुढे चांगली वर्तणूक ठेवीन", सही करा नाहीतर आत जाता येणार नाही. कायदेशीर संपावरच्या कामगाराकडून असा बॉण्ड मागणं ही मालकाची अनुचित प्रथा आहे, कायदेशीर संप चालू असताना नवीन भरती करणं पण तसंच. सही करू नका, गेटच्या बोर्डासकट फोटो काढा, आणि "आम्ही कामावर हजर झालो, आम्हाला आत घेतलं नाही" असा सगळ्यांच्या सह्यांचा ईमेल तिथेच उभे राहून एचआरला आणि लेबर ऑफिसला टाका, वेळेसकट.